गेस्टाल्ट : फ्रँकफुर्टहून पुण्यापर्यंत

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या बहुतेकांना सुलतान हा चिंपांझी ठाऊक असतो. टेनेरिफ बेटावर कोहलरने पिंजऱ्याबाहेर केळे ठेवले, सुलतानने दोन काठ्या एकमेकींत बसवून ते आत ओढले, आणि 'मर्मदृष्टीने अध्ययन' हे प्रकरण आपल्या पाठ्यपुस्तकात आले. 'गेस्टाल्ट' हा जर्मन शब्द आणि 'समष्टी' हा त्याचा मराठी पर्याय आपल्याला तिथेच भेटतो. पुढे एखाद्या समुपदेशन शिबिरात 'गेस्टाल्ट उपचारपद्धती' हे नाव कानावर पडते, तेव्हा ही सुलतानच्या प्रयोगाचीच पुढची पायरी असावी, असे वाटते. वक्ता उत्साही असला तर आणखी एक वाक्य जोडतो : हे सारे मुळात आपलेच, झेनमार्गे तिकडे गेलेले. या दोन्ही समजुती फार तर अर्ध्या खऱ्या आहेत.

पहिली समजूत आधी पाहू. 1912 साली मॅक्स वेर्थायमरने दृश्य गतीवरचा आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेथून समष्टिवादी मानसशास्त्राची सुरुवात धरतात. आपण सुटे ठिपके पाहत नाही, आकृती पाहतो. आणि आकृती नेहमी कोणत्या तरी पार्श्वभूमीवर उठून दिसते, हा त्याचा गाभा. हे प्रयोगशाळेतले शास्त्र होते. उपचारपद्धतीचा जनक फ्रिट्झ पर्ल्स (1893–1970) मात्र डॉक्टर आणि मनोविश्लेषक होता. पहिल्या महायुद्धाचे खंदक त्याने अनुभवले होते. 1926 मध्ये फ्रँकफुर्टला कुर्ट गोल्डस्टाईन यांच्याकडे त्याने सहायक म्हणून काम केले. मेंदूला इजा झालेल्या सैनिकांचा अभ्यास करताना गोल्डस्टाईन यांना दिसले होते की, एक भाग निकामी झाला की माणूस उरलेल्या क्षमतांची सगळी मांडणीच बदलतो. रोगी म्हणजे बिघडलेल्या सुट्या भागांची गोळाबेरीज नव्हे. पर्ल्सने उचलले ते हे. वेर्थायमरच्या स्मृतीला त्याने आपले पहिले पुस्तक अर्पण केले खरे. पण समष्टिवाद्यांचे एकही पाठ्यपुस्तक आपण वाचलेले नाही, थोडे निबंध तेवढे वाचले, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे. मेरी हेन्ले या समष्टिवादी विदुषीने 1978 मध्ये एक निबंधच लिहून दोन्हींचे नाते जवळपास नाकारले. माझ्या मते त्यांनी थोडी जास्तच कठोर भूमिका घेतली, कारण 'आकृती-पार्श्वभूमी'ची कल्पना उपचारातही खरोखर काम करते. मनात अपुरा राहिलेला प्रसंग पुन्हा पुन्हा पुढे येतो आणि समोरचे काम पार्श्वभूमीत ढकलतो, असे पर्ल्स म्हणे. याला आधार म्हणून ब्लूमा झायगार्निकचा 1927 चा प्रयोग हमखास सांगितला जातो : अर्धवट राहिलेली कामे जास्त लक्षात राहतात. नंतरच्या प्रयोगांत मात्र हा निष्कर्ष सातत्याने मिळालेला नाही, हे शिबिरात कोणी सांगत नाही.

या इतिहासात लॉरा पर्ल्स यांचे नाव नेहमी मागे पडते. त्या मूळच्या लोरे पोस्नर. त्यांनी फ्रँकफुर्टला समष्टिवादी मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊन डॉक्टरेट मिळवली, आणि मार्टिन बूबर व पाउल टिलिख या तत्त्वज्ञांची व्याख्याने ऐकली. बूबर यांचे 'मी आणि तू' हे पुस्तक 1923 चे. समोरच्या माणसाला वस्तू म्हणून वापरता येते किंवा 'तू' म्हणून भेटता येते, आणि या दोन्हींत 'मी'सुद्धा निराळा असतो, असे ते मांडतात. उपचार म्हणजे दुरुस्ती नसून भेट, हा गेस्टाल्टमधला विचार मुख्यतः येथून आला.

1933 मध्ये हिटलर सत्तेवर येताच हे ज्यू जोडपे आधी हॉलंडला आणि मग दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे त्यांच्यावर प्रभाव पडला तो यान स्मट्स यांच्या 1926 च्या 'होलिझम अँड इव्होल्यूशन' या ग्रंथाचा. होय, गांधीजींना तुरुंगात टाकणारे आणि ज्यांना गांधीजींनी स्वतः केलेल्या चपला भेट दिल्या, तेच जनरल स्मट्स! आज 'होलिस्टिक' हा शब्द प्रत्येक औषधाच्या बाटलीवर दिसतो. त्याचे मूळ असलेला शब्द या सेनापतीने घडवला. माणसाच्या पूर्णत्वावर ग्रंथ लिहिणारा माणूस वर्णभेदी राज्य चालवत होता, हेही ध्यानात ठेवावे.

आता झेन. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला इसवी सनापूर्वी लेणी खोदली गेली, तेव्हा 'झान' हा पाली शब्द बौद्ध भिक्षूंच्या परंपरेत होता. तोच संस्कृतातला ध्यान. चीनमध्ये तो 'चान' झाला आणि जपानमध्ये 'झेन'. शब्दाचा हा प्रवास निर्विवाद आहे. पण पर्ल्स दांपत्य 1946–47 मध्ये न्यूयॉर्कला आले, पॉल गुडमन व राल्फ हेफरलाइन यांच्यासह पर्ल्सने 1951 मध्ये 'गेस्टाल्ट थेरपी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तोपर्यंत पद्धतीचा पाया घातला गेला होता. गुडमनला ताओ विचाराची ओढ होती, आणि पॉल वाइस या सहकाऱ्यामुळे पर्ल्सला झेनची गोडी लागली. जपानची त्याची यात्रा मात्र 1962 च्या सुमाराची. विरोधी टोकांच्या मधला शून्यबिंदू ही त्याची आवडती कल्पना तर सालोमो फ्रिडलेंडर या जर्मन तत्त्वज्ञाच्या 1918 च्या पुस्तकातली. आपल्याला तीत समत्व दिसते, पण साम्य दिसले म्हणजे उगम सापडला असे होत नाही. दोन वनस्पतींची पाने सारखी दिसली म्हणून आपण त्यांचे कूळ एक ठरवत नाही.

भारताचा खरा, तारखांसह दाखवता येणारा धागा निराळाच आहे. मायकेल मर्फी हा अमेरिकन तरुण 1956–57 मध्ये पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहिला होता. त्याने आणि रिचर्ड प्राइसने 1962 मध्ये कॅलिफोर्नियात एसालेन ही संस्था काढली. 1964 पासून पर्ल्स तेथे राहू लागला आणि प्रसिद्ध झाला. रिकाम्या खुर्चीवर आई-वडील बसले आहेत असे समजून त्यांच्याशी बोलायचे, हे तंत्र (मूळ मोरेनोच्या मनोनाट्यातले) त्याने गर्दीसमोर करून दाखवले. या काळातला पर्ल्स नाटकी होता, बोचरा होता. लॉरा न्यूयॉर्कलाच राहिल्या होत्या, आणि पद्धतीतला बूबरही बराचसा त्यांच्याकडेच राहिला.

हे प्रकरण आपल्या महाराष्ट्रात पोचले. 1974 मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाला. पुढच्याच वर्षी पाश्चात्त्य उपचारक तेथे गटोपचार घेऊ लागले : एन्काउंटर, प्रायमल, गेस्टाल्ट. मानसोपचार आणि ध्यान यांची सांगड घालणारा एवढा मोठा प्रयोग तेव्हा जगात फारच थोड्या ठिकाणी चालू असेल. याच दशकाच्या अखेरीस रिचर्ड प्राइस पुण्याला आला. तो पर्ल्सचा शिष्य. तरुणपणी मनोरुग्णालयात डांबून घेऊन सक्तीचे उपचार सोसलेला, आणि म्हणूनच कुणावर काहीही लादायचे नाही हा आपल्या गेस्टाल्टचा पहिला नियम करणारा. एन्काउंटर गटातली मारहाण व दडपण पाहून तो हादरला आणि आपला निषेध त्याने लेखी नोंदवला. गटातली हिंसा बंद केल्याचे आश्रमाने जानेवारी 1979 मध्ये जाहीर केले.

दोष ध्यानाचा होता की गेस्टाल्टचा, असा वाद तेव्हा झाला. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. 'राग दाबू नका' हे वाक्य पुण्याला पोचले. समोरचा माणूस 'तू' आहे, त्याला 'नको' म्हणण्याचा हक्क आहे, हे वाक्य वाटेत गळाले. गुरूपुढे शिष्य 'नको' कसे म्हणणार?

रिकाम्या खुर्चीचे तंत्र मात्र टिकले. कॅनडात लेस्ली ग्रीनबर्ग यांनी ते चाचणीला लावले. जवळच्या माणसाविषयी मनात सल असलेल्यांना नुसत्या माहितीपर मार्गदर्शनापेक्षा त्याचा अधिक उपयोग झाल्याचे त्यांनी व सांड्रा पायव्हिओ यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केले. ते उपचारक प्रशिक्षित होते. आपल्याकडे 'व्यक्तिमत्त्व विकासा'च्या एकदिवसीय शिबिरात नववीच्या मुलाला चाळीस जणांसमोर खुर्चीशी बोलायला लावतात, तेव्हा त्या मुलाला आधी कोणी विचारलेले असते का, एवढे शिक्षकांनी जरूर पाहावे.

फ्रिट्झ पर्ल्स मार्च 1970 मध्ये शिकागोला वारला. लॉरा त्यानंतरही अनेक वर्षे न्यूयॉर्कला शिकवत राहिल्या. माणसाला पेलेल तेवढेच पुढे न्यावे आणि त्याला आधार किती लागतो ते आधी पाहावे, यावर त्यांचा भर असे. 1990 मध्ये त्या जर्मनीतल्या फोर्ट्सहाइम या आपल्या जन्मगावी वारल्या.