मेजावरचं जंक्शन

शिरूरला रेल्वे नाही. घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती, मोठी बाजारपेठ होती, पुणे-नगर रस्ता गावातून जात होता. पण रूळ काही तिथवर आले नाहीत. 15 डिसेंबर 1858 रोजी पुण्याहून दिक्सळपर्यंत गाडी सुरू झाली ती दौंडवरून. वीस वर्षांनी, 1878 मध्ये, दौंडहून मनमाडकडे लाइन निघाली. तिनेही श्रीगोंदे, विसापूर करत शिरूरला पश्चिमेकडे सोडून दिलं. त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांत एकाचं आयुष्य शिट्टीवर चालायचं आणि दुसऱ्याचं एसटीच्या वेळापत्रकावर. शिरूरकराला गाडी पाहायची तर दौंडची वाट धरावी लागे.

ज्याच्या दारात रेल्वे नाही, किंवा होती आणि गेली, त्याने ती घरातल्या मेजावर मांडायची, असा एक छंद आहे. आपल्याकडे तो थोड्यांचा, पण जगात शंभर-सव्वाशे वर्षांचा. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने 1891 साली लायपझिगच्या जत्रेत रुळांची ठरावीक मापं मांडली. त्याआधी प्रत्येक कारखान्याची गाडी ज्याच्या त्याच्या रुळावरच धावे. मापं ठरली आणि आज एक डबा, पुढच्या वर्षी एक सिग्नल, असा संसार वाढवता येऊ लागला. खेळण्याचा छंद झाला तो इथे. पुढे 1920 साली इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबीच्या चावीच्या गाड्या आल्या.

मराठी माणसाचा या प्रकाराशी पहिला ठळक संबंध ग्वाल्हेरचा. माधवराव महाराज शिंदे यांनी विलायतेहून चांदीची गाडी आणवली. जयविलास महालात जेवणाच्या लांबलचक मेजावर रूळ टाकलेले, आणि त्यावरून पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया नि चिरूट घेऊन ही गाडी फिरे. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे, असं सांगतात. याच महाराजांच्या कारकिर्दीत संस्थानात दोन फुटी रुळांची खरी रेल्वेही धावू लागली. त्यांचे नातू माधवराव पुढे देशाचे रेल्वे राज्यमंत्री झाले, हा योगायोगच म्हणायचा! आणि आणखी एक: दौंडहून मनमाडच्या वाटेवर जे श्रीगोंदे लागतं ते शिंद्यांचं जुनं ठाणं.

राजेरजवाड्यांचं ठीक, सामान्य माणसाचं काय? आयात परवान्यांच्या काळात परदेशी इंजिन मिळणं दुरापास्त. पुठ्ठा, पत्रा, सायकलची तार, जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार यांवर भागवायचं. या पार्श्वभूमीवर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय पाहायला हवं. 1 एप्रिल 1998 रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे एका अख्ख्या शहराची मांडणी आहे. वाफेच्या इंजिनापासून बुलेट ट्रेनपर्यंत गाड्या एकाच वेळी धावतात, सिग्नल बदलतात, फाटक पडतं, शेजारी सर्कस चालू असते. मांडणी 1:87 या प्रमाणात आहे, म्हणजे खऱ्या 87 फुटांचा इथे एक फूट.

हे प्रमाण ऐकायला सोपं वाटतं, पण खरी गंमत आणि डोकेदुखी तिथेच आहे. आता हिशेब करू. आपल्या प्रवासी गाडीचा जुना निळा डबा बावीस मीटरच्या थोडा वर. तो मेजावर साडेपंचवीस सेंटिमीटर होतो. असे अठरा डबे जोडले तर साडेचार मीटर, म्हणजे फ्लॅटचा हॉल संपला. दौंडचं यार्ड एक किलोमीटर धरलं तरी साडेअकरा मीटर! म्हणून मांडणी करणारा सगळं आखूड करतो. बारा लाइनींच्या चार करतो, पण गार्डाचा डबा, पाण्याची टाकी, इंजिन फिरवायची जागा सोडत नाही. दौंडला तर ते सोडून चालणारच नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे सुटायचं, वळसा घालून दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं आणि गाडी आली त्या अंगाला तोंड करून निघायची. अलीकडे कॉर्ड लाइन झाल्यावर बऱ्याच गाड्यांचा हा खटाटोप वाचला आहे. प्रवाशाच्या दृष्टीने उत्तम. छांदिष्टाला मात्र हळहळ वाटते, कारण सगळं नाट्य त्या वीस मिनिटांत होतं.

दुसरी अडचण रुळांची. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. त्याला 87 ने भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारा रूळ साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या गेजवरून काढलेला. त्यामुळे भारतीय इंजिन त्यावर ठेवलं की पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. बहुतेक जण तिकडे काणाडोळा करतात. जिद्दी असतो तो स्वतः रूळ ठोकतो.

पण दौंडला एक सवलत आहे. 1914 साली इथून बारामतीला अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरची नॅरोगेज सुरू झाली. त्याला 87 ने भागा: पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ सर्रास मिळतो! म्हणजे ती छोटी गाडी जवळजवळ बिनचूक मापात मांडता येते. आज बारामतीलाही ब्रॉडगेजच जातो, त्यामुळे ती लाइन पाहायची तर मेजावरच.

अशा मांडणीत टेकड्या कागदाच्या लगद्याच्या, माती म्हणजे रंगवलेला भुसा. मनमाड लाइनची माती अशी हलकी नव्हती. 1876-78 च्या दुष्काळात भुकेल्या माणसांनी दुष्काळी काम म्हणून तिचे भराव टाकले. त्या काळी सरकारने कामावरच्या माणसाचं रोजचं धान्य एका पौंडावर आणलं, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले. हे सगळं मॉडेलमध्ये कसं दाखवायचं? मला वाटतं, निदान भराव करताना ठाऊक असावं. परदेशातले काही जाणकार आता मांडणीत नुसत्या गाड्या नव्हे, तर खडी फोडणारी, कोळसा वेचणारी माणसंही ठेवतात. 1:87 मध्ये माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो, पण तो असला की फलाट फलाट वाटतो.

ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं 1995 साली थांबली. पुणे-दौंड मार्गावर 2017 मध्ये विजेच्या तारा आल्या. इंजिनाचे नकाशे कुठे ना कुठे मिळतात; डब्ल्यूजी जातीच्या मालगाडीच्या इंजिनाचं मोठं चाक 1562 मिलिमीटरचं होतं, तेव्हा मेजावर ते अठरा मिलिमीटरचं करायचं, इतकं नेमकं सांगता येतं. पण बारामतीच्या छोट्या गाडीच्या डब्यात बाकं आडवी होती की उभी, स्टेशनच्या दाराला कोणता रंग होता, पाण्याच्या नळाची मान कुठल्या बाजूला वळायची, हे कुठल्याच नकाशात नसतं. ते दौंडच्या जुन्या रेल्वे वसाहतीत जाऊन, त्या लाइनवर नोकरी केलेल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागतं. सोबत वही आणि मोजपट्टी न्यावी.