दोरावरचा दोर

नर्मदेच्या ग्वारीघाटावर खुंटास बांधलेल्या होड्या पाहिल्या की मला समुद्राची आठवण होते. जबलपुरापासून तो शेकडो कोस दूर. तरी ही नदी अखेर खंबायतच्या आखातासच मिळते. कचेरीत फायलींच्या फिती आवळण्यात दिवस घालविणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनास मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास वाचताना एक उणीव जाणवते. आपण तोफांची, किल्ल्यांची आणि तहांची मोजदाद करतो. डोलकाठी उभी धरणाऱ्या दोराची दखल मात्र क्वचितच घेतो.

डोलकाठी सरळ राहते ती दोहों बाजूंनी ताणलेल्या जाड दोरांच्या बळावर. शिडाने हे दोर घासतात. खारे पाणी त्यांत मुरते. म्हणून युरोपीय जहाजांवर दोराच्या पिळांतील खाचा प्रथम बारीक दोरीने भरीत, त्यावर डांबरलेल्या कापडाच्या पट्ट्या पिळाच्या दिशेने गुंडाळीत, आणि मग उलट दिशेने सुतळीचे लगत लगत वेढे लाकडी हातोडीने आवळून घालीत. दोन दोर जोडावयाचे असल्यास ते शेजारी ठेवून बारीक दोरीने वेढीत व शेवटी दोहोंमधून आडवे फेरे देऊन बंध पक्का करीत. गाठीने दोराचे बळ घटते. या बंधाने ते पुष्कळसे टिकते. आमच्या किनाऱ्यावर काथ्याचा दोर प्रसिद्ध. तो खाऱ्या पाण्यात सहसा कुजत नाही आणि पाण्यावर तरंगतो.

कान्होजी आंग्रे यांचे १७२९ साली निधन झाले. त्यांचे पुत्र तुळाजी यांच्या गुराबा १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या आश्रयास एकमेकींस बांधून उभ्या होत्या. वॉटसनच्या तोफांच्या माऱ्यात त्यांतील एका जहाजाने पेट घेतला आणि आग साऱ्या ताफ्यात पसरली. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, हे दुःख त्याहून मोठे!

त्या गुराबांपैकी एकही आज आपणांस पाहावयास मिळत नाही. उलट, वाडिया कारागिरांनी १८१७ साली मुंबईस सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप जतन केलेली आहे. सागवान टिकाऊ खरे. परंतु दोर झिजतात. ते कोणीतरी पुनःपुन्हा नवे करून बांधले, तरच जहाज जहाज दिसते.

गुराबेची प्रतिकृती करू पाहणाऱ्यास याची प्रचीती येते. अठ्ठेचाळीसास एक या प्रमाणात ४८ मिलिमीटर जाडीचा दोर एका मिलिमीटरचा होतो आणि त्यावरील वेढे केसासारखे. लाकूड कोरता येते. पण आमच्या खलाशांनी नेमका कोणता बंध कोठे घातला, ते लिहून ठेवावे असे फारसे कोणास वाटले नाही. लेखणी आमच्या हाती होती आणि दोर त्यांच्या हाती. हा दोष लेखणीवाल्यांचा आहे, आणि मीही त्यांतलाच एक आहे.