ईसीजी कसा वाचतात? कागदावरच्या रेषांची तोंडओळख

छातीत दुखू लागले, धडधड वाढली किंवा चक्कर आली की डॉक्टर आधी ईसीजी काढायला सांगतात. पाच-दहा मिनिटांत चौकटींचा कागद हातात येतो. वर मशिनने छापलेली इंग्रजी ओळ वाचून घरचे कधी घाबरतात, तर कधी 'नॉर्मल आहे' म्हणून निर्धास्त होतात. दोन्हींत धोका आहे. म्हणून या कागदावर नेमके काय असते, ते समजून घेऊ.

ईसीजी म्हणजे काय?

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी त्याच्या स्नायूंतून विजेचा सूक्ष्म संदेश जातो. हा संदेश उजव्या अलिंदातील सायनस नोड या ठिकाणी सुरू होतो, दोन्ही अलिंदांत (वरच्या कप्प्यांत) पसरतो, मध्ये क्षणभर थांबतो आणि मग निलयांत (खालच्या कप्प्यांत) उतरतो. त्वचेवर लावलेल्या पट्ट्या हा प्रवाह टिपतात. डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांना या तंत्रासाठी १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पी, क्यू, आर, एस, टी ही तरंगांची नावेही त्यांचीच.

हातापायांवर ४ आणि छातीवर ६ अशा १० इलेक्ट्रोडांवरून १२ लीड मिळतात. एकाच घराचे बारा कोनांतून फोटो काढावेत, तसे हे. लीड २, ३ आणि एव्हीएफ हृदयाची खालची बाजू दाखवतात, व्ही१ ते व्ही४ साधारण समोरची, तर १, एव्हीएल, व्ही५ आणि व्ही६ डावी बाजू.

चौकटींचे गणित

कागद सहसा सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यामुळे:

- आडवी १ लहान चौकट (१ मिमी) = ०.०४ सेकंद
- आडवी १ मोठी चौकट (५ मिमी) = ०.२ सेकंद
- उभ्या १० लहान चौकटी = १ मिलिव्होल्ट

तरंगांचा अर्थ

- पी तरंग: पहिला लहान उंचवटा. संदेश अलिंदांत पसरल्याची खूण.
- पीआर अंतर: अलिंदांपासून निलयांपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ. सामान्यतः ०.१२ ते ०.२० सेकंद, म्हणजे ३ ते ५ लहान चौकटी. याहून जास्त असेल तर संदेश वाटेत रेंगाळतो आहे.
- क्यूआरएस: उंच, टोकदार भाग. निलयांतील संदेश. ०.१२ सेकंद किंवा त्याहून रुंद असेल तर वहनात अडथळा असू शकतो.
- टी तरंग: निलय पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होतात, तो काळ.

गती आणि ताल

दोन लागोपाठच्या आर टोकांमधल्या मोठ्या चौकटी मोजा आणि ३०० ला त्या संख्येने भागा. चार चौकटी असतील तर गती ७५. प्रौढांमध्ये विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० ही सामान्य गती मानतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांची याहून कमी असू शकते.

ठोके अनियमित असतील तर ही रीत चुकते. तेव्हा १० सेकंदांच्या पट्टीतले क्यूआरएस मोजून ६ ने गुणतात. अंतरे पूर्ण अनियमित आणि पी तरंग गायब असतील, तर एट्रियल फिब्रिलेशनची शंका येते. यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो.

एसटी भाग महत्त्वाचा का?

क्यूआरएस आणि टी यांमधला भाग साधारण सपाट असतो. शेजारच्या दोन किंवा अधिक लीडमध्ये तो ठरावीक मर्यादेपेक्षा वर उचलला गेला, तर हृदयाची रक्तवाहिनी बंद पडल्याची दाट शंका असते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे ठरते. मात्र काही निरोगी तरुणांतही तो थोडा वर दिसतो. म्हणून लक्षणे बाजूला ठेवून नुसता कागद वाचता येत नाही.

ईसीजी काय सांगत नाही?

ईसीजी ही काही सेकंदांची नोंद आहे. हृदयविकाराच्या झटक्याच्या सुरुवातीला ती नॉर्मल येऊ शकते. त्यामुळे दुखणे चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. रक्तवाहिनीतले ब्लॉकेज ईसीजीत थेट दिसत नाही. अधूनमधून होणारी धडधडही त्यात सापडेलच असे नाही. त्यासाठी २४ तास किंवा अधिक काळ होल्टर लावतात. उलट, थंडीने कुडकुडणे किंवा हातांच्या पट्ट्यांची अदलाबदल यांमुळे निरोगी माणसाचा ईसीजीही बिघडलेला दिसतो.

लक्षात ठेवा

- ईसीजीचा कागद बहुधा थर्मल असतो आणि कालांतराने पुसट होतो. त्याची झेरॉक्स किंवा फोटो ठेवा.
- जुना ईसीजी सोबत न्या. नवा बदल कोणता, हे तुलनेतूनच कळते.
- छातीत दडपण, घाम, दम लागणे, जबड्यात किंवा हातात कळ अशी लक्षणे असतील तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून वाट पाहू नका. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

रेषा ओळखता आल्या तर डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता येतात. निदान मात्र त्यांच्यावरच सोपवा.