औंध संस्थानातील व्यायाम : तालमीकडून शाळेकडे

सातारा-सांगली भागातील व्यायामाचा इतिहास केवळ तालमींवरून लिहिल्यास अपुरा राहतो. औंध संस्थानचा मुलूख विखुरलेला होता; औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत. १९०९ साली गादीवर आलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. तालमीस हौदा, वस्ताद व खुराक लागे. स्त्रियांना तेथे सहसा प्रवेश नसे. नमस्कारास अंथरुणाएवढी जागा पुरे, आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा भवानरावांचा आग्रह होता. १९३८ साली त्यांचे यासंबंधीचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. तालमीने मल्ल घडविला. औंधने व्यायाम हे शिक्षणाचे अंग मानले. १९४८ साली संस्थान विलीन झाले. म्हणून व्यायामसंस्थांच्या अभ्यासकाने आखाड्याबरोबरच जुन्या शाळांची दप्तरेही तपासावयास हवीत.