मजल दरमजल: जुबैदाच्या रस्त्यावरची माणसे

'मजल दरमजल करत' असे आपण मराठीत सहज म्हणतो. मजल म्हणजे अरबीतला 'मंजिल', प्रवासात उतरण्याची जागा. मुक्काम, मशाल, हौद हे शब्दही अरबीतलेच, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. हे सारे शब्द रोजच्या वापरात पाहायचे तर इराकमधल्या कूफा शहरापासून मक्केपर्यंत जाणाऱ्या जुन्या हजमार्गावर जावे लागेल. सुमारे चौदाशे किलोमीटरची ही वाट 'दर्ब जुबैदा', म्हणजे जुबैदाचा रस्ता, या नावाने ओळखली जाते.

हजविषयी बोलताना आपण बहुधा मक्केत पोचल्यानंतरचे बोलतो: तवाफ, सई, अरफात. पण विमाने आणि आगबोटी येण्याआधी हाजीचे कित्येक आठवडे रस्त्यावरच जात. तो तिथे काय खायचा, कधी झोपायचा, पाणी कुठून आणायचा, याचा विचार आपण क्वचितच करतो.

जुबैदा ही खलिफा मन्सूरची नात आणि हारून अल-रशीदची पत्नी. इ.स. ८३१ मध्ये तिचे निधन झाले. हा रस्ता तिने मुळापासून बांधला असे मात्र नाही. तिच्या आधीच्या अब्बासी खलिफांनी या वाटेवर मैलाचे दगड बसवले होते, मुक्काम उभारले होते. जुबैदाने तिथे पाण्याची सोय एवढ्या मोठ्या प्रमाणावर केली की लोकांनी रस्त्यालाच तिचे नाव दिले. वाटेत २७ मोठे मुक्काम आणि त्यांच्या अधेमधे २७ लहान थांबे होते. लहान थांब्याला अरब भूगोलकार 'मुतअश्शा' म्हणत, म्हणजे रात्रीचे जेवण घेण्याची जागा. दिवसभराची चाल कुठे तोडायची, चूल कुठे पेटवायची, हे आधीच ठरलेले असे.

मुक्कामाचा जीव म्हणजे तिथला हौद. त्याला 'बिरका' म्हणतात. काही गोल, काही चौकोनी. आत उतरायला दगडी पायऱ्या. पावसाळी ओढ्याचे पाणी बुटक्या भिंतींनी वळवून आधी एका लहान टाकीत घेत, गाळ तिथे खाली बसे आणि निवळलेले पाणी मोठ्या हौदात जाई. पाऊस झाला तर हौद भरलेला, नाही झाला तर कोरडा. त्यात हजचा महिना चांद्र पंचांगाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. त्यामुळे एखाद्या पिढीच्या वाट्याला थंडीतला हज येई, तर एखादीच्या वाट्याला भर उन्हाळ्यातला.

या वाटेवरच्या दिनक्रमाचे उत्तम वर्णन अंदलुसियाच्या इब्न जुबैरने केले आहे. ११८४ च्या एप्रिलमध्ये तो इराकी काफिल्याबरोबर मक्केतून निघाला आणि मदिनेवरून मे महिन्यात कूफ्याला पोचला. अमीर-ए-हजचा नगारा वाजला की उंटांवर सामान चढे आणि काफिला हाले. ऊन टाळण्यासाठी बरीच चाल रात्री होई, पुढे मशाली असत. सधन यात्रेकरू उंटावरच्या छत्रीदार कजाव्यांत आडवे होऊन झोपत. त्यांच्या बाजूने बाकीचे चालत.

गर्दी इतकी, की निसर्गाच्या हाकेला बाजूला गेलेल्या माणसाला परत आपली जागा सापडत नसे. मग त्याने अमीराच्या तंबूकडे जायचे. तिथला दवंडीवाला त्याला बरोबर घेऊन, त्याचे गाव आणि त्याच्या उंटवाल्याचे नाव पुकारत काफिल्यात फिरायचा. आपल्याकडे आषाढीच्या गर्दीत लाउडस्पीकरवरून हरवलेल्यांची नावे ऐकलेल्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही.

इबादतही प्रवासाच्या मापाने होई. मुसाफिराला चार रकातींच्या जागी दोन, आणि पाणी नसेल तर वजूऐवजी मातीवर तयम्मुम. या सवलती आपण मदरशात पाठ करतो. त्या किती गरजेच्या होत्या, ते अशा वाटेवर कळते.

खाण्यापिण्याचा व्यवहारही ठरलेला होता. फैद हे गाव साधारण अर्ध्या वाटेवर. जाताना हाजी आपला थोडा शिधा तिथे ठेवून जात आणि परतताना उचलत. समीरा या मुक्कामी आसपासचे अरब मेंढ्या, तूप आणि दूध घेऊन येत आणि मोबदल्यात जाडेभरडे सुती कापड मागत. नाण्यांपेक्षा कापडाचा तुकडा त्यांच्या जास्त कामाचा. कूफा जवळ आले की वाकिसा येथे शहरातले लोक पीठ, रोट्या, खजूर आणि फळे घेऊन सामोरे येत.

आणि तरीही माणसे मरत. सअलबिया येथे हौदात पाणी होते. तहानलेला जमाव त्यावर तुटून पडला आणि सात जण चेंगरून मेले, असे इब्न जुबैर नोंदवतो. पाणी होते, पण ते शिस्तीने प्रत्येकापर्यंत पोचवणारे कोणी नव्हते. तरीही याच वाटेच्या वर्णनात तो जुबैदाचे आभार मानतो, कारण तिचे हौद नसते तर ही वाट चालताच आली नसती.

पुढे १२५८ मध्ये हुलागूने बगदाद उद्ध्वस्त केले, खलिफाला मारले आणि या वाटेचे वैभव ओसरले. पण १३२६ मध्ये इब्न बतूता इराकी काफिल्याबरोबर निघाला, तेव्हाची त्याची एक नोंद महत्त्वाची आहे. गरीब यात्रेकरूंसाठी पाणी वाहणारे वेगळे उंट होते. आजाऱ्यांसाठी औषधे आणि साखर होती. मुक्कामावर मोठ्या पितळी हंड्यांत अन्न शिजे आणि ज्यांच्याजवळ शिधा नाही त्यांना वाढले जाई. चालवेनासे झालेल्यांना बसवायला मोकळे उंट होते. हा खर्च सुलतान अबू सईदच्या दानातून होई. हा अबू सईद हुलागूचाच वंशज. ज्या घराण्याने खिलाफत बुडवली, त्याच घराण्यातला माणूस चौथ्या-पाचव्या पिढीत थकलेल्या हाजीसाठी उंट पाठवत होता.

इस्लामने हज फर्ज केला तो ऐपत असलेल्यावरच. तरीही ऐपत नसलेली माणसे प्रत्येक शतकात निघाली, कारण ओढ ऐपतीला विचारून येत नाही. ती येणारच हे गृहीत धरून कोणी हौद खोदले, कोणी हंडे चढवले. नियमावर बोट ठेवून त्यांना वाळवंटात सोडून दिले नाही.

हे आठवण्याचे कारण जुने नाही. २०२४ च्या हजमध्ये उष्म्याच्या लाटेत १,३०१ यात्रेकरू दगावले, असे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतले ८३ टक्के परवान्याविना आलेले होते. सावली नाही, आसरा नाही, अशा उन्हात ते लांबचे अंतर चालले होते. वातानुकूलित तंबू आणि बसगाड्या तिथे होत्याच, पण नोंदणी असलेल्यांसाठी. विनापरवाना जाणे चूक आहे, हे खरेच. त्यांना फसवून नेणारे दलालही दोषी आहेत. पण चूक केलेल्या माणसालाही तहान लागते.

आपल्याकडे हाजीला निरोप देताना हार घालतात, त्याच्याकडे दुआ मागतात, परतल्यावर खजूर आणि जमजमची वाट पाहतात. हज कसा झाला, हेही विचारतात. त्यात एक प्रश्न आणखी विचारायला हवा: तुमच्या शेजारून पायी चालणाऱ्याला पाणी मिळत होते का? जुबैदाचे नाव बाराशे वर्षे टिकले आहे, ते या एका प्रश्नाचे उत्तर तिने आपल्या पैशाने दिले म्हणून.