बेलीफ : ओझेवाल्याचा वंशज

घरमालक दावा जिंकतो, हुकूमनामा हाती येतो, तरी खोली रिकामी होत नाही. त्यासाठी दरखास्त दाखल करावी लागते. मग न्यायालय कब्जा वॉरंट काढते आणि ते घेऊन दारात उभा राहतो तो बेलीफ. भाडेकरूच्या लेखी साऱ्या सत्तेचे रूप असलेल्या या माणसाच्या नावाचा मूळपुरुष मात्र हमाल आहे. लॅटिनमधला ‘बायुलुस’ म्हणजे पाठीवर ओझे वाहणारा. त्याचे मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘बायुलिवुस’ झाले, मग जुन्या फ्रेंचमार्गे तो शब्द इंग्रजीत शिरला आणि इंग्रजी न्यायालयांबरोबर आपल्याकडे आला.

यावर पहिला आक्षेप असा की बेलीफ हा ‘बेल’ म्हणजे जामीन या शब्दाचाच विस्तार असावा. कोर्टाच्या वातावरणात हे पटण्याजोगे वाटते. पण जामिनाचा ‘बेल’ ज्या फ्रेंच क्रियापदातून निघाला, त्याचा अर्थ ‘हवाली करणे’. आणि तेही लॅटिनच्या ‘बायुलारे’, म्हणजे ओझे वाहणे, यातूनच आले. म्हणजे बेल हा बेलीफचा बाप नव्हे, भाऊ आहे. लंडनच्या ‘ओल्ड बेली’ न्यायालयाचे नावही कानाला जवळचे लागते, पण ते शहराच्या जुन्या तटबंदीवरून पडले. या कुळाशी त्याचा संबंध जोडू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हमालाचा अंमलदार झाला कसा? ओझे आणि अधिकार यांत अंतर फार आहे. माझ्या मते मधली पायरी मूल कडेवर घेण्याची आहे. मध्ययुगीन युरोपातील सम्राट शार्लमेनच्या काळात राजपुत्राचा सांभाळ करणाऱ्यालाही ‘बायुलुस’ म्हणत. इटालियन भाषेने तर दोन्ही टोके जपून ठेवली आहेत : ‘बालिया’ या शब्दात पहिल्या स्वरावर आघात दिला तर अर्थ दाई, दुसऱ्यावर दिला तर सत्ता. आधी ओझे, मग दुसऱ्याने सोपवलेले मूल, मग दुसऱ्याने सोपवलेला मुलूख, अशी ही चढण आहे. इंग्लंडच्या 1215च्या मॅग्ना कार्टा या सनदेत ‘बेलीफ’वर निर्बंध घालावे लागले, इतका तोवर तो वर पोहोचला होता.

तरीही ही चढण कुणाला ओढूनताणून आणलेली वाटली, तर त्याने आपल्या ‘कारभारी’ या शब्दाकडे पाहावे. त्यातला ‘भार’ म्हणजे ओझे. ‘कार’बद्दल मात्र दुमत होऊ शकते. काहींना तो ‘कार्य’ वाटेल. मला तो कारखाना आणि कारकून यांच्या पंक्तीतला फारसी ‘कार’ वाटतो, कारण ‘कार्य’ प्राकृतातून उतरले की मराठीत ‘काज’ होते. निकाल कोणताही लागो, कामाचे ओझे वाहणारा तो सत्ताधारी, हे समीकरण मराठीने लॅटिनला न विचारता मांडले. ‘पदभार’ स्वीकारणारा अधिकारी आजही तेच म्हणतो.

बेलीफ स्वतः सामान हलवत नाही, मग हे मूळ आज काय कामाचे, असे कुणी म्हणेल. कामाचे आहे, कारण वाहणाऱ्याचे ओझे कधीच स्वतःचे नसते. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 21, नियम 35 वाचा. हुकूमनाम्याने बांधलेला माणूस वाट देत नसेल, तर बेलीफला कुलूप काढता येते, दारही फोडता येते. मात्र आत पडदानशीन स्त्री असेल तर आधी सूचना देऊन तिला बाहेर पडायला सवड द्यावी लागते. दार फोडण्याचा तो अधिकार त्याच्या अंगचा नाही, न्यायालयाने पाठीवर ठेवलेला आहे. म्हणूनच मालकाने तेच दार परस्पर फोडले, तर 1963च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम 6 भाडेकरूच्या बाजूने उभे राहते : कायद्याच्या रीतीवाचून बाहेर काढलेल्याने सहा महिन्यांत दावा लावला, तर मालकीचा प्रश्न न काढता ताबा परत मिळू शकतो. खोली मालकाची असते, पण ती रिकामी करण्याचा भार त्याचा नसतो. तो ज्याच्या पाठीवर दिला आहे, त्याचे नावच ओझेवाला आहे.