खुर्चीवरचा सरकारी क्रमांक

पुण्याच्या दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतून दिवे आणि अडकित्ते शोधून संग्रहालय उभे केले. चंडीगढमध्ये जुन्या वस्तूंच्या शोधकांना असे वणवण फिरावे लागले नाही. हवी ती वस्तू सरकारी लिलावातच मिळत होती.

ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जान्नरे १९५१ ते १९६५ या काळात येथे होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कचेऱ्या, न्यायालय आणि विद्यापीठासाठी सागवान व वेताच्या साध्या, दणकट खुर्च्या घडविल्या. पुढे वेत फाटला, पाय डुगडुगू लागले आणि खुर्च्या गच्चीवर रचल्या गेल्या. मग निरुपयोगी ठरविणे, निर्लेखन, जाहीर लिलाव! सारे नियमानुसारच. पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी हा माल भंगाराच्या भावात उचलला, दुरुस्त केला आणि परदेशांत लाखो रुपयांना विकला. गंमत अशी की, लाकडावर रंगविलेला सरकारी नोंद क्रमांकच तेथे अस्सलपणाचा पुरावा ठरला.

१९७२ चा पुरावशेष कायदा सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंनाच संरक्षण देतो. या खुर्च्या त्यात कशा बसणार? अखेर केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये अशा फर्निचरच्या विक्रीस मनाई केली. मोजणीत १२,७९३ वस्तू आढळल्या. रीतसर लिलावात विकलेल्या खुर्च्या मात्र कोणत्या कायद्याने परत मागायच्या? विक्रीच्या पावतीवर सही आपल्याच अधिकाऱ्याची असते.